जिल्हा पान कोण जपणार?

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. अर्भकहत्येच्या आरोपावरून तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. या खटल्याचे निमित्त होऊन त्या काळच्या वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतिमत्तेवर भरपूर शाई सांडली गेली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने तर एका विधवेच्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीलाच पिंजऱ्यात उभे केले. तो मजकूर शेकडो मैल दूर, वऱ्हाडातील बुलढाणे गावी राहणाऱ्या एका स्त्रीने वाचला. तिला तो सहन झाला नाही. तिने त्याला उत्तर लिहिले आणि ते १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून पुस्तकरूपाने बाहेर पडले. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या ग्रंथाची जन्मकथा ही अशी आहे.

या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू उचलून धरली, पण त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले ते जवळजवळ नव्वद वर्षे. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा कुठे मराठी वाचकांना त्याचे मोल कळले. आज हे पुस्तक विद्यापीठांतून अभ्यासले जाते, त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे. मात्र त्यातील प्रत्येक वाक्य कोणाला तरी उद्देशून आहे, आणि तो ‘कोणी तरी’ पुस्तकात नाही. तो १८८१-८२ च्या वृत्तपत्रांत आहे. ज्याला ताराबाईंचा युक्तिवाद पुरता समजून घ्यायचा असेल त्याला त्या वर्षांच्या फायलींकडे वळावेच लागते. एरवी वादाची एकच बाजू कानांवर पडते.

वृत्तपत्र वाचून त्यातील मजकुराची उलटतपासणी करणे, हे काम बुलढाण्यात असे किमान १४० वर्षांपूर्वी झालेले आहे. आणि तेही गावात रेल्वे नसताना. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला, पण तो घाटाखालून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. पुण्या-मुंबईची टपाल या स्थानकांवर उतरायची आणि पुढे घाट चढून वर यायची. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. या रेल्वेची गोष्ट पुढे येईलच.

कोण मागते जुनी फाइल?

तालुक्याच्या कोणत्याही बऱ्यापैकी वाचनालयात सकाळी जाऊन पाहिले तर वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती दोन प्रकारची मंडळी दिसतात. एक निवृत्तांची. ही मंडळी निधनवार्ता, पीकपाणी आणि जिल्ह्याचे राजकारण या क्रमाने अंक संपवतात. दुसरी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची; त्यांना संपादकीय पान आणि केंद्र-राज्याच्या योजना हव्या असतात, जिल्ह्याचे पान ते उलटूनही पाहत नाहीत. ही दोन्ही माणसे आजच्या अंकाची गिऱ्हाइके. जुन्या अंकाचा वाचक निराळा. तो रोज येत नाही, वर्षातून एखादे वेळी येतो, दारातच थोडा घुटमळतो आणि ग्रंथपालाला विचारतो, “अमुक सालचा पेपर मिळेल का?”

या वाचकाला संशोधक म्हटले तर त्यालाच हसू येईल. त्याचे काम बहुधा अगदी व्यवहाराचे असते. जमिनीचे प्रकरण हे त्यातले सर्वांत मोठे. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा २०१३ अखेरपर्यंत लागू होता. १९८४ च्या दुरुस्तीनंतर त्यातील कलम ४ ची अधिसूचना राजपत्राबरोबरच त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापणे बंधनकारक झाले. त्यांपैकी निदान एक प्रादेशिक भाषेतील असावे लागे. राजपत्र, दैनिके आणि गावातील दवंडी यांपैकी शेवटची प्रसिद्धी ज्या दिवशी झाली तो अधिसूचनेचा दिनांक. आणि जमिनीचा बाजारभाव धरायचा तो याच दिनांकाचा! म्हणजे जाहीर नोटिशीच्या त्या बारीक टाइपातील चौकटीची तारीख ही शेतकऱ्याच्या मोबदल्याशी थेट जोडलेली होती. २०१३ च्या नव्या कायद्यातही प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत छापण्याची अट कायम आहे आणि हरकतीची साठ दिवसांची मुदत प्रसिद्धीपासूनच मोजली जाते.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर होत असलेल्या जिगाव प्रकल्पाखाली अनेक गावे बुडीत क्षेत्रात येतात. सिंदखेडराजा, मेहकर या भागांतून समृद्धी महामार्ग गेला. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी शिकलेल्या मुलांनी कागद जमवायला सुरुवात केली की, सरकारी कचेरीतील फाइल, राजपत्र आणि वर्तमानपत्र या तीन ठिकाणी त्यांचा शोध पोचतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हाती असतात. तिसरी गावाच्या वाचनालयात असू शकते. असली तर!

दुसरा मोठा वर्ग आहे तो गावाचा, शाळेचा किंवा संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्यांचा. शाळेला पन्नास वर्षे झाली, पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव आला, की स्मरणिकेसाठी ‘पहिले अध्यक्ष कोण होते’ याची शोधाशोध सुरू होते. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या. पहिल्या निवडणुकीत आपल्या गटातून कोण उभे होते, कोण पडले, हे आज सांगणारी माणसे उरलेली नाहीत. निवडून आलेल्याचे नाव सरकारी दप्तरात सापडते. पडलेल्याचे नाव, त्याने प्रचारात काय मुद्दा मांडला होता आणि कोणाच्या सभेला गर्दी झाली होती, हे सारे फक्त वर्तमानपत्रात. हरलेल्यांचा इतिहास वर्तमानपत्र राखते, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

तिसरा वर्ग विद्यापीठाच्या संशोधकांचा. जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास या विषयांत प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आज ना उद्या फायलींपाशी येतोच. शेतकरी आत्महत्यांचा विषय घ्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. त्या घोषणेची बातमी देशातील प्रत्येक वर्तमानपत्रात आहे. पण ज्या घटनांमुळे ती घोषणा करावी लागली त्या घटना जिल्हा पानावर, चार-सहा ओळींत, बहुधा आत कुठे तरी छापलेल्या असत. गाव, वय, कर्ज सोसायटीचे की सावकाराचे, पेरणी दुबार झाली होती की नाही, असा तपशील त्या ओळींत असे. सरकारी तक्त्यात पुढे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन रकाने झाले. ज्यांची नावे अपात्रच्या रकान्यात गेली त्यांच्या घरची परिस्थिती जाणून घ्यायची तर त्या चार ओळींवाचून फारसे काही हाती लागत नाही.

आणि मग निव्वळ हौसेने येणारे. हे थोडे असतात, पण त्यांचे कुतूहल दांडगे असते. खामगावच्या कापूस बाजाराचा नाद असलेला कोणी जुने भाव उतरवून घेतो. खामगाव हे एकेकाळी वऱ्हाडातील कापसाचे मोठे पेठगाव. १८७० साली जलंबहून तिथे जाणारा रेल्वेचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, यावरून त्याचे महत्त्व कळावे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली; ‘सुदाम्याचे पोहे’ वाचलेल्या एखाद्याला त्यातील लेख प्रथम ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये कसे आले हे मूळ अंकातच पाहायचे असते. लोणारचे सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसे घडल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. पण सरोवराचे पाणी याआधी कधी असे लाल झाले होते काय, याचा शोध प्रयोगशाळेत लागत नाही. उपग्रहाची छायाचित्रे काही दशकांपलीकडे जात नाहीत. त्यामागे जायचे तर गावातील म्हाताऱ्यांची आठवण आणि जुना अंक, एवढेच दोन साक्षीदार उरतात.

वर्ष सापडले की वाट सापडते

जुन्या वर्तमानपत्रांत शोध घेणे म्हणजे गवताच्या गंजीत हात घालणे होय. पुस्तकाला सूची असते, वर्तमानपत्राला नसते. म्हणून फाइल मागण्यापूर्वी तारीख हवी. निदान वर्ष तरी हवेच. आणि लोकांच्या आठवणी इंग्रजी वर्षांत नसतात. आजी सांगते, “माझी सासू छप्पन्नच्या दुष्काळातली.” हा छप्पन्न विक्रम संवतातील, म्हणजे १९५६, इसवी सनाच्या हिशेबाने १८९९-१९००. “मानमोडीत घर बसले” असे कोणी म्हणाले तर ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचे वर्ष समजावे. “बहात्तरचा दुष्काळ” मात्र सरळ १९७२. जुन्या महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात ढोबळमानाने ५९० मिळवले की इसवी सन येतो. शालिवाहन शकात ७८. ही एवढी बेरीज-वजाबाकी एका चिठ्ठीवर लिहून कपाटाला चिकटवली तरी वाचकाचा अर्धा दिवस वाचतो.

त्यानंतरची अडचण नावांची. एकाच गावाचे नाव छापील मजकुरात ‘बुलढाणे’, ‘बुलडाणा’ आणि ‘बुलढाणा’ असे तिन्ही प्रकारे आढळते. मेहकरचे ‘मेहेकर’ होते. ‘जळगाव’ एवढेच छापले असेल तर ते खानदेशातील की जामोदजवळचे, हे आजूबाजूचा मजकूर वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. या एका नावापायी अनेकांनी भलत्याच जिल्ह्याची टिपणे उतरवून घेतली असतील.

जिल्ह्याच्या सीमाही स्थिर राहिलेल्या नाहीत. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्याआधीच्या काळातील खामगावची बातमी ‘बुलढाणे जिल्हा’ या मथळ्याखाली शोधणारा रित्या हाताने परत येणारच. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे या एका जिल्ह्याचे जुने कागद हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि दिल्ली अशा चार दिशांना पांगलेले आहेत.

मूळ अंक गेलेच असतील तर एक आडवाट आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकारला देशी वृत्तपत्रांची धास्ती वाटू लागली. प्रांतोप्रांतीचे सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढून वरिष्ठांकडे पाठवीत. हेतू पाळतीचा होता. पण अनेक पत्रांच्या फायली नष्ट झाल्या आणि हे गोषवारे मात्र अभिलेखागारांत शाबूत राहिले. ज्यांच्यावर नजर ठेवायची होती त्यांची आठवण नजर ठेवणाऱ्याने राखली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’सारख्या जुन्या पत्राचा माग काढणाऱ्याने हे गोषवारे डोळ्यांखालून घालावेत. कोणते नियतकालिक कोठून, कधी निघाले याची प्राथमिक माहिती शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मराठी नियतकालिकांच्या सूचीत सापडते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केलेली ही सूची १९५० पर्यंतचा काळ व्यापते. पुढच्या काळासाठी असे साधन जिल्ह्याच्या पातळीवर जवळपास नाहीच.

छापले म्हणजे खरे काय?

फाइल सापडली, तारीख सापडली, बातमीही सापडली. पुष्कळ वाचक इथे थांबतात आणि बातमीला सत्य समजून घरी जातात. न्यायालय तसे समजत नाही. लक्ष्मीराज शेट्टी खटल्याच्या १९८८ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वर्तमानपत्रातील बातमी ही ऐकीव पुराव्यासारखी आहे. ज्याने ती लिहिली त्याची साक्ष झाल्याखेरीज तेवढ्यावरून तीत सांगितलेली घटना सिद्ध होत नाही. नोटिशीचे मात्र वेगळे. नोटीस अमुक दिवशी अमुक दैनिकात छापली गेली, हीच मुळी सिद्ध करायची गोष्ट असते, आणि अंक समोर असला की त्यावर वाद घालणे कठीण.

इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्हींच्या मधला मार्ग धरावा लागतो. बातमी ही घटनेबद्दल जितके सांगते त्याहून अधिक ती छापणाऱ्याबद्दल सांगते. मोर्चाला ‘हजारो’ आले असे एक पत्र म्हणते, दुसरे ‘तुरळक उपस्थिती’ म्हणते. दोघांचे मालक कोणत्या पक्षाकडे झुकलेले होते हे ठाऊक असेल तर दोन्ही बातम्या उपयोगाच्या, नसेल तर दोन्ही फसव्या. जाहिराती आणि बाजारभाव यांच्यावर जास्त विसंबावे, कारण तिथे खोटे बोलण्यात कोणाचा फारसा लाभ नसतो. जे छापलेच गेले नाही त्याचाही विचार करावा. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी मिळत नाही ही बातमी किती वर्षे पानावर आलीच नाही, हेही फाइल सांगते. फक्त ती सलग वाचावी लागते. प्रस्थापित पत्रे आपले म्हणणे छापणार नाहीत हे ओळखूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले. या दोन्ही पत्रांचे अंक पुढे महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केले, म्हणून आज ते लहान गावातील वाचनालयालाही ठेवता येतात. इतके भाग्य फार थोड्या पत्रांच्या वाट्याला आले.

सलग वाचण्याचा फायदा कळण्यासाठी खामगाव-जालना रेल्वेमार्गाइतके दुसरे चांगले उदाहरण जिल्ह्यात नाही. या मार्गाची कल्पना शंभर वर्षांहून जुनी, इंग्रजी अमलातील. त्यानंतर सर्वेक्षणे झाली, मागण्या झाल्या, निवेदने दिली गेली, आंदोलने झाली. गाडी मात्र अद्याप धावलेली नाही. एकेक बातमी सुटी वाचली तर ‘मार्ग लवकरच’ अशी आशा वाटते. पंचवीस वर्षांच्या बातम्या एका बैठकीत वाचल्या तर ध्यानात येते की, बातमी तीच आहे, फोटोतील पुढारी तेवढे बदलले आहेत. कोणत्या निवडणुकीच्या आधी हा विषय वर आला आणि निकालानंतर किती आठवड्यांनी तो आतल्या पानावर गेला, हे मोजून मांडता येईल. असे मोजमाप कोणी मांडले तर पुढच्या आश्वासनाला प्रश्न विचारताना लोकांच्या हाती कागद असेल.

अकोल्यात छापलेले, मुंबईत नसलेले

इथे कोणी म्हणेल, ही सारी पत्रे मोठ्या ग्रंथालयांत असतीलच की! कायदा तसाच आहे. ग्रंथ प्रदान करण्याच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रांचा समावेश झाला आणि प्रकाशकाने प्रत्येक अंक कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य निर्देशित ग्रंथालयांना पाठवावा असे ठरले. पण गोम निराळीच आहे. मराठी दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या सुरू झाल्यापासून एकाच नावाचे वर्तमानपत्र गावोगावी निरनिराळे असते. बुलढाणा जिल्ह्यात येणारी मोठी दैनिके प्रामुख्याने अकोल्याच्या आवृत्त्यांना जोडलेली आहेत. त्यांचे पहिले पान, अग्रलेख, क्रीडा पान यांत इतर आवृत्त्यांशी बरेच साम्य असते. बुलढाण्याची पाने मात्र बुलढाण्यापुरती. त्याच नावाच्या दैनिकाची मुंबई किंवा नागपूर आवृत्ती एखाद्या संग्रहालयाने वर्षानुवर्षे बांधून ठेवली असली, तरी तिच्यात सिंदखेडराजाच्या ग्रामसभेची बातमी नसते. जी पाने केवळ या तेरा तालुक्यांसाठी छापली गेली ती याच तेरा तालुक्यांत टिकली तर टिकली. स्थानिक साप्ताहिकांची अवस्था याहून नाजूक. त्यांच्या फायली संपादकाच्या घरी असतात आणि संपादकाच्या पश्चात घर रंगवायला काढले की जातात.

मग संगणकाचे काय? ई-पेपर आले तेव्हा हा प्रश्न सुटला असे वाटले होते. अनुभव तसा नाही. २००० नंतरच्या दशकात मराठी दैनिकांची संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टमध्ये होती. युनिकोड आल्यावर त्या काळचा बराच मजकूर वाचताच येईनासा झाला किंवा संकेतस्थळ बदलताना गळून पडला. ई-पेपर म्हणजे तर पानाचे चित्र. त्यात शब्द टाकून शोधता येत नाही. जुने अंक किती काळ ठेवायचे हे मालक ठरवतो आणि जिल्ह्याची पाने सर्वांत आधी काढली जातात, कारण ती बघणारे सर्वांत थोडे. वीस वर्षांपूर्वीचा कागदी अंक कसर लागूनही वाचता येतो. वीस वर्षांपूर्वीची संगणकावरील बातमी उघडून पाहावी!

रद्दी आणि नोंदवही

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखालील नियमांनुसार मान्यताप्राप्त वाचनालयांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. वर्ग ठरवताना ग्रंथ किती, दैनिके किती, नियतकालिके किती हे पाहिले जाते. दैनिके घेण्यावर असा भर आहे. ती राखण्यावर तसा नाही. साहजिकच काही महिन्यांनी गठ्ठा बांधून रद्दीवाल्याला दिला जातो आणि आलेली रक्कम रोकडवहीत जमा होते. यात ग्रंथपालाला दोष देणे सोपे आहे, पण रास्त नाही. तुटपुंजे अनुदान, गळके छप्पर, एकच कपाट. आणि रोज चार-पाच दैनिके. बारा पानांचे एक दैनिक वर्षभर ठेवायचे म्हणजे चार हजारांवर पाने होतात. पाच दैनिकांची वीस हजार. हे कोणत्याही लहान वाचनालयाला झेपणारे नाही.

पण सगळे ठेवायचे कशाला? देश-विदेशाच्या बातम्या इतरत्र आहेत, क्रीडा पान इतरत्र आहे. जिल्ह्याची पाने दोन किंवा चार. एका दैनिकाची तेवढीच पाने काढून ठेवली तर वर्षाचा पसारा सातशे ते चौदाशे पानांत मावतो. म्हणजे दोन-तीन जाड खंड. एका लोखंडी कपाटात अशी दहा-पंधरा वर्षे आरामात बसतील. तालुक्यातालुक्यात वाटून घेतले, खामगावने एक दैनिक, चिखलीने दुसरे, मलकापूरने तिसरे, तर एकाच जिल्ह्याची तीन वेगवेगळी कथने टिकतील. जाहीर नोटिशींचे पान या कामातून गाळू नये. ग्रंथपालाला ते निरुपयोगी वाटते आणि न्यायालयात जाणाऱ्याला तेच हवे असते.

वृत्तपत्राचा कागद हलका, लाकडाच्या लगद्याचा. त्यातील आम्लामुळे आणि उजेडामुळे तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. घाटाखालच्या कडक उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडते. म्हणून पाने घडी न घालता सपाट ठेवावीत, खिडकीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच. वाळवी भिंतीकडून येते, तेव्हा कपाट भिंतीला टेकवू नये. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावण्याचा मोह आवरावा. काही वर्षांत तिचा डिंक कागद खातो. खंड बांधताना शिवण मजकुरावर जाऊ न देणे हे बांधणीवाल्याला बजावून सांगावे लागते, नाही तर प्रत्येक पानाचा एक स्तंभ कायमचा अर्धवट राहतो. वाचकाने पान उतरवून घ्यायचे ते मोबाइलवर छायाचित्र काढून. त्या छायाचित्रात दैनिकाचे नाव, आवृत्ती आणि तारीख असलेली वरची पट्टी आली पाहिजे. ती नसेल तर कात्रण आणि चिठोरे यांत फरक उरत नाही.

राहिली सूची. ती नसेल तर खंड असून नसल्यासारखे. यासाठी संगणकही लागत नाही, एक फूलस्केप वही पुरते. रोज जिल्हा पान वाचून तारीख, गाव आणि विषय एवढीच एक ओळ लिहायची: अमुक तारीख, देऊळगावराजा, पाणीपुरवठा, अमुक तारीख, मोताळा, गारपीट, पंचनामे. गावांची नावे एकाच पद्धतीने लिहायची आणि जळगावपुढे ‘जामोद’ न विसरता घालायचे. वाचनालयाच्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या मुलांपैकी एकाला या कामास दहा मिनिटे पुरतात, आणि निवृत्त शिक्षकाला तर पाचच, कारण ते पान त्याने सकाळी पहिल्या चहाआधी वाचलेले असते.